व्हर्जिनियाचा नवा घाणा

४ ऑक्टोबर

डबा आला. दादाच्या नावावर. सही माझी.

बसका पत्र्याचा डबा, वर हाताने चिकटवलेलं लेबल – जरा तिरकंच. संपादकांचा फोन आधीच येऊन गेला होता. "एकटा माणूस आहे, ताई. जुन्या छापखान्याच्या शेडमध्ये स्वतः पानं दाबतो, स्वतः कापतो. निव्वळ व्हर्जिनिया तंबाखू, कसली भेसळ नाही की वरून सुगंध नाही. वर्षाला दोन-चार घाणे निघतात, बस. दादांनी चार ओळी लिहिल्या तर त्याचं भलं होईल."

"सांगते त्याला," म्हटलं.

काय सांगणार, कपाळ! दादाला लिहिता येत नाही. बोलताही येत नाही. उन्हाळ्यात न्हाणीघरात पडला, डोक्याला मागून बेसिनची कड लागली. मेंदूतला झटका आधी की पडणं आधी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. उजवा हात गेला. शब्द गेले. उरला एकच – परवा. पाणी हवं – परवा. खिडकी लाव – परवा. समजतं सगळं, जिभेवर मात्र तेवढंच येतं. आणि तो परवा होऊन गेलेला की अजून यायचा, हे आपलं आपण ठरवायचं.

संपादकांना मी "तब्येत जरा नरम आहे" एवढंच सांगितलंय. पाइपच्या तंबाखूवरचं दादाचं सदर त्यांच्या त्रैमासिकात किती वर्षं येतंय. लोक ते वाचून डबा घ्यायचा की नाही ते ठरवतात. सदर बंद झालं तर बाहेरच्या जगाशी त्याचा शेवटचा टाका उसवेल. म्हणून गप्प आहे.

५ ऑक्टोबर

झाकण उघडून डबा दादाच्या नाकाखाली धरला. त्याने डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एवढा आवडला?"

"परवा," म्हणाला.

७ ऑक्टोबर

डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं. "पाइप? नावसुद्धा काढू नका."

घरी येऊन दादाला म्हटलं, "मग मीच ओढते. तू बाजूला बसून धूर हुंग आणि मला सांग." थट्टाच केली होती. त्याने डाव्या हाताने फळीकडे बोट दाखवलं. आखूड दांडीचा, तपकिरी पाइप – तो.

साठी उलटल्यावर हे थेर. जन्मभर लोकांचे कोट घट्ट-सैल केले, पँटी आखूड केल्या, पडदे शिवले. दुकानात पाटी आहे – धूम्रपान करू नये. माझ्याच अक्षरात.

९ ऑक्टोबर

दुकान लवकर बंद करून शिकवणी. गुरुजी मुके, विद्यार्थिनी ढ.

तंबाखू चकत्यांसारखा असतो, पातळ कापलेल्या पिवळ्या-तांबूस पट्ट्या. चकती तळव्यावर घेऊन चोळायची, सुटी करायची. मी कणीक मळावी तशी चोळायला लागले तर दादाने माझं मनगट धरलं. हलके. अजून हलके. मग भरायचं. मी ठासून भरलं, त्याने उपसायला लावलं. परत भरलं. त्याने त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवून दाबून दाखवलं, एवढंच. बस.

पहिली काडी विझली. ती विझायचीच असते म्हणे – त्याने खूण करून दुसरी ओढायला सांगितली. मी जोर लावून भकाभका धूर काढला. खोकले, ठसका लागला, डोळ्यांतून धारा.

दादा हसला. आवाज करून हसला. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा.

१० ऑक्टोबर

जीभ भाजली. चहा, वरण, औषध – सगळं एकाच चवीचं.

१४ ऑक्टोबर

आता थोडं कळायला लागलंय. ओढायचं नाहीच जवळजवळ. श्वासाबरोबर येईल तेवढंच येऊ द्यायचं. शिवणयंत्र पायाने नुसतं जागं ठेवावं, सुई पडू देऊ नये, तसं.

आम्ही खिडकीशी बसतो. दुपारचं ऊन समोरच्या इमारतीवरून उतरून आमच्या जमिनीवर येतं आणि धूर त्यात शिरला की खोलीभर काहीतरी तरंगत असल्यासारखं होतं. रस्त्यावरचे आवाज लांब जातात. दादा धुराकडे बघतो, मी दादाकडे.

त्याचे जुने लेख काल वाचून ठेवले होते. त्यातलं म्हणून बघितलं; तो मानेने उत्तर देत होता. "वाळलेलं गवत?"

नाही.

"मध?"

नाही.

"लिंबाची साल? ताजा पाव?"

नाही, नाही. हात झटकला त्याने. मी वैतागले. "मग काय कोटाच्या अस्तराचा वास म्हणू?"

तो खुर्चीत सरळ झाला. भुवया वर. सांग, सांग.

म्हणून सांगितलं. थंडीचे कोट लोक वर्षभर कपाटात कोंबतात आणि गार वारा सुटला की एकदम सगळे दुकानात घेऊन येतात. ते मी आधी उलटे करून काचेशी लटकवते. अस्तर तापतं. त्यातून आधी कपाटाचा वास जातो, मग कुणाच्या तरी खिशातल्या संत्र्याचा, आणि शेवटी नुसत्या तापलेल्या कापडाचा राहतो – गोडसर, कुणाचाच नसलेला. तसा आहे हा तंबाखू. शेवटी.

दादा मान डोलवत राहिला. मी थांबले तर परत हात केला, पुढे?

१८ ऑक्टोबर

रीत बसली आहे. मी चुकीचं बोलले की मानेने नाही. बरोबर बोलले की होय. कधीकधी मी शब्द उच्चारायच्या आधीच त्याला कळतं की चुकणार आहे. त्याचं नाक अजून शाबूत आहे, ही केवढी गोष्ट! डोकं, हात, जीभ सगळ्याला धक्का बसला, नाक तेवढं वाचलं.

२२ ऑक्टोबर

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात एक लांबच लांब शेड. पिवळी पानं दोऱ्यांवर लटकत होती, पण जवळ गेले तर पानं नव्हती, शर्ट होते. शिवून तयार, कुणी न्यायला न आलेले. दादा पुढे चालत होता आणि अखंड बोलत होता, पूर्वीसारखा, पूर्ण पूर्ण वाक्यं. मला मात्र कापडाची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मी म्हणत होते, थांब जरा, मला लिहून घेऊ दे.

उठले तेव्हा पाइप विझला होता. दादा जागा होता. माझ्या मांडीवर पडलेली राख त्याने डाव्या हाताने झटकली.

२९ ऑक्टोबर

परीक्षण झालं. दादाला वाचून दाखवलं.

"हा तंबाखू ओळख करून घ्यायला वेळ लावतो. पहिल्या झुरक्यांत तो घडी न मोडलेल्या शर्टासारखा ताठ वाटेल. घाई केलीत तर जीभ भाजेल आणि दोष तुमचा असेल. हळू ओढा. अर्ध्या पाइपनंतर कापड अंगाला बसतं, आणि तळाशी पोचेपर्यंत उन्हात तापलेल्या अस्तराचा तो गोडवा येतो, जो आपल्याला आधीपासून माहीत होता असं वाटतं."

त्यापुढे मी एक वाक्य घातलं होतं – जाणकारांनी संग्रही ठेवावा असा उच्च प्रतीचा वगैरे. त्या वाक्याला दादाने असं तोंड केलं की मी हसतच खोडलं.

खाली त्याचं नाव घातलं. घालताना हात जरा अडला. पण मी कोण? मी नुसती लेखणी. निवाडा त्याचा. पाठवून दिलं.

३० ऑक्टोबर

आज परीक्षणाचं काही काम नव्हतं. तरी पाइप भरला. दादाने काड्यापेटी पुढे केली.

८ नोव्हेंबर

संपादकांचा फोन. "दादांनी या खेपेला काहीतरी निराळंच लिहिलंय, ताई. आजारपणाने माणूस मऊ होतो की काय? दोनदा वाचलं मी." मग म्हणाले, "तो तंबाखूवाला भेटायला येऊ बघतोय. नाही म्हणू नका. वाचून त्याला बोलवेना."

नाही कशी म्हणणार? आणि हो तरी कशी म्हणणार? तोंडातून हो गेलं.

१५ नोव्हेंबर

आला. मला वाटलं होतं कुणी ऐटबाज म्हातारा असेल. हा चाळिशीचा, खांदे वाकलेले, नखं तपकिरी. बूट दाराबाहेर काढले, मोज्याला भोक होतं, ते लपवायला एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभा राहिला.

दादासमोर वाकून म्हणाला, "तुमचे लेख वाचूनच हा धंदा शिकलो."

"परवा," दादा म्हणाला.

"हो, परवाच यायचं होतं, पण–"

"परवा," दादा परत म्हणाला. मऊपणाने. तंबाखूवाला माझ्याकडे बघायला लागला.

सांगून टाकलं सगळं. पडणं, शब्द जाणं, पाइप. "मी ओढते, तो धूर हुंगतो आणि मानेने सांगतो. शब्द माझे आहेत. पण निवाडा त्याचा."

त्याने आधी दादाकडे बघितलं. मग म्हणाला, "निवाडा त्यांचाच ना?"

"त्याचाच."

"मग झालं तर." आणि पिशवीतून दोन पुड्या काढल्या.

यंदाची सगळी पानं शेडमध्ये पडून आहेत, म्हणाला. दाबाखाली थोडे दिवस ठेवली तर एक चव येते, पुष्कळ दिवस ठेवली तर दुसरी. दोन्हींचे नमुने आणलेत. दोन्ही वाटा धरण्याइतकी पानं नाहीत, एकच धरायची. "आणि मला आता कळेनासं झालंय. रोज तेच हुंगून नाक बोथट झालं. बायको म्हणते नाणं उडव. म्हटलं, नाण्यापेक्षा दादा बरे. सांगतील तसं करतो."

दादाने पहिली, थोड्या दिवसांची पुडी नाकाशी धरली. मग दुसरी. शांतपणे, दोन्ही सारखाच वेळ. आणि मला परत दिल्या.

पहिली मी ओढली. हसतमुख तंबाखू. दार उघडताच गप्पांना सुरुवात. कुणालाही आवडेल. दुसरी आधी काहीच बोलेना. मला वाटलं, ही फसली. अर्ध्यावर आले असेन, बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, आणि एकदम – काय लिहू? आईचा हात. आमची आई बाहेरून आली की तिच्या हाताला येणारा वास, उन्हाचा आणि वाळल्या फळांचा. किती वर्षांत आठवला नव्हता. मी पाइप खाली ठेवला.

"दादा, तू सांग."

तो काही सांगेना. नुसता बघत राहिला माझ्याकडे. तंबाखूवालाही बघत होता.

"दुसरी," मी म्हटलं. "मला वाटतं, दुसरी. चूक असेल तर–"

दादाने खुर्चीच्या हातावर थाप मारली. अशी जोरात की कपबशी हलली.

तंबाखूवाला उठला. डोळे भरले होते बिचाऱ्याचे. "सगळी तशीच दाबतो. चुकलं तर वर्ष पाण्यात, घरात काय सांगायचं तेही मला ठाऊक नाही. पण यांचं नाक आजवर चुकलं नाही." दादाच्या पायाला हात लावून गेला.

१९ नोव्हेंबर

त्याचा फोन. सगळी पानं दाबाखाली घातली. स्क्रू आवळला. "आता मागे फिरणं नाही, ताई."

दादाला सांगितलं. त्याने मान डोलवली आणि खिडकीकडे बघत राहिला.

२५ नोव्हेंबर

धुक्याची दुपार. दिवा लावायचा कंटाळा केला. धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे लागतं ते कळत नव्हतं. मी बोलत होते, कशाबद्दल ते आता आठवत नाही. आईबद्दल. एका निळ्या कोटाबद्दल, जो न्यायला कुणी आलंच नाही. दादा होय म्हणत होता, नाही म्हणत होता. एवढं मी त्याच्याशी तो बोलत असताना कधी बोलले नव्हते.

२ डिसेंबर

दादाला बोलायला शिकवणारी मुलगी आज बारीक बाटल्या घेऊन आली. वासावरून कधीकधी शब्द सापडतात म्हणे. कॉफी. लवंगेचं तेल. डांबरगोळ्या. "काका, डोळे मिटून ओळखा." दादा एकेक बाटली नाकाला लावून मान हलवत गेला. डांबरगोळ्यांनाही. तिने बाटल्या बाजूला ठेवल्या आणि हळू विचारलं, "काका, पडल्यापासून कसलाच वास येत नाही का?"

होय.

"कधीच आला नाही?"

दादाने नाही म्हणून मान हलवली. मग वळला, चोरी पकडल्यासारखा हसला, आणि डाव्या हाताचं बोट माझ्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं.

तिकडे शेडमध्ये यंदाची सगळी पानं माझ्या एकटीच्या शब्दावर दाबली जात आहेत.