तंबू पास होईपर्यंत

४ एप्रिल, शनिवार
आज पक्का निर्णय. लेक चौदा जूनला हॉस्टेलला जाणार. त्याआधी आम्ही तिघांनी तळ्याकाठी दोन दिवस तंबूत राहायचं. कल्पना मूळ लेकीची, पण तिनं ती सातवीत असताना मांडली होती, त्यामुळे आता माझीच धरायला हरकत नाही. दरवर्षी काहीतरी आडवं आलं. कधी ऑडिट, कधी माझी पाठ. या वर्षी नाही.
तंबू मी निवडणार. पंपाच्या कारखान्यात एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. माझ्या हातून खराब माल बाहेर गेलेला नाही. चांगलाही फारसा जात नाही, असं प्रॉडक्शनवाला म्हणतो. त्याला क्वालिटीतलं काय कळतं.

९ एप्रिल
एक्सेल शीट तयार. बत्तीस तंबू, एकोणीस रकाने. सौ. म्हणाली की तिला आत उभं राहून कपडे बदलता आले की झालं. विसावा रकाना वाढवला.

१८ एप्रिल, शनिवार
दुकानात जाऊन आलो. आपोआप उघडणारा तंबू पाहिला. हातातून सोडला आणि दोन सेकंदांत उभा राहिला. मिटवायला पाऊण तास लागला, मला, दुकानदाराला आणि बूट घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना. दुकानदारानं नम्रपणे विचारलं की साहेब, पुढच्या वेळी फोनवर चौकशी केली तर चालेल का. वाद न घालता बाहेर पडलो. उभारायला सोपा म्हणजे मिटवायलाही सोपा, हे तत्त्व शीटमध्ये लिहिलं. थकलो.

२ मे
यादी सहावर आली आहे. लेकीनं विचारलं की मैत्रिणीकडचा तंबू उसना मिळतोय, पुढच्याच शनिवारी जायचं का. तिला शांतपणे समजावलं की उसन्या मालाचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. ती मैत्रिणीला नको म्हणून कळवायला उठली. पटलं असावं.

१६ मे, शनिवार
घेतला. चार माणसांचा. आम्ही तिघं, पण कंपन्या माणसं बारीक धरतात. अॅल्युमिनियमचे पोल, शिवणींवर टेप, वर दुसरं कापड. दुकानदार म्हणाला की दहा वर्षं बघायला नको. असं सगळेच म्हणतात. चाचण्या करूनच बोलू.

१७ मे, सकाळी ६.१५, गच्ची
उभारणी, पहिली फेरी: बावन्न मिनिटं. एक पोल उरला. जास्तीचा दिला असेल.

१८ मे
जास्तीचा नव्हता.

२४ मे, रविवार
चौथी फेरी, एकेचाळीस मिनिटं. पाठ धरली. माहितीपत्रक वाचावं असं सौ. सुचवत होती, पण ते नवख्यांसाठी असतं. मी टेकलेलो असताना लेक कपडे वाळत घालायला आली. फोन कानाला लावून, कुणाशी तरी हसत, तिनं अख्खा तंबू नऊ मिनिटांत उभा केला आणि बादली घेऊन खाली गेली. माझ्या चार फेऱ्या ती बघत होतीच. ट्रेनिंग कामी आलं, याचं समाधान आहे.

३० मे, शनिवार
पाण्याची चाचणी. तंबूवर बारा बादल्या ओतल्या, आत मी. एक थेंब आला नाही. पास. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत बरंच पाणी गेलं, त्या वर येऊन सौ.शी बोलल्या. मी तंबूतच थांबलो.
रजा मंजूर. पाच जूनपासून; सहा आणि सात तळ्याकाठी. लेकीनं आजच सॅक भरायला घेतली. इतकी घाई कशाला, कळत नाही.

५ जून, शुक्रवार, सकाळी ८
झिप राहिलीच होती. तंबूत सगळ्यात आधी बिघडते ती झिप. इतकं सगळं करून झिप तशीच सोडली तर एकवीस वर्षं मी काय केलं? ठरवलं: पाचशे वेळा उघडायची, पाचशे वेळा लावायची. लेक म्हणाली की बाबा, राहू दे ना, काही झालं तर आपण पिना लावू. पिना! तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत उरकतो, उद्या निघू.

दुपारी ३
दोनशे साठ. उत्तम. अंगठा सुजलाय.

संध्याकाळी ६.४०
चारशे बारा. रनर निघून हातात आला, दात उघडे पडले.

६ जून, शनिवार
म्हणजे माझी शंका खरी निघाली. तिथं जाऊन तुटली असती तर? हे मी सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं की दोन दिवसांत आपण ती किती वेळा उघडली असती. हिशेब केला. फार तर तीस.
लेक परत म्हणाली की पिना आहेत, चला. माझा नाइलाज होता. रिजेक्ट झालेला माल बाहेर जात नाही, नियम घरच्यांसाठी बदलला तर तो नियम कसला. ती बरं म्हणाली. तिनं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.
बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे तंबू टाकला. या मापाची झिप मागवावी लागेल म्हणाला. चौदा तारखेला देतो. मी म्हटलं, अगदी वेळेत.
घरी आलो तर लेकीनं तीच सॅक रिकामी करून हॉस्टेलचे कपडे भरायला घेतले होते.

१४ जून, रविवार
सकाळी सातच्या गाडीनं लेक गेली. खिडकीतून म्हणाली की बाबा, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वर्षी जाऊ. मी म्हटलं, तोवर खुंट्यांचीही चाचणी होईल. सौ.नं माझ्याकडे पाहिलं.
अकरा वाजता तंबू मिळाला. काम स्वच्छ आहे.

२१ जून, रविवार, सकाळी १०
हॉलमधलं टीपॉय सरकवून तंबू उभारला. नऊ मिनिटं. लेकीशी बरोबरी. वेळ मोठ्यानं सांगितली. सौ. स्वयंपाकघरातून आली, आत येऊन बसली. दोघांत फार जागा उरते. कंपनीनं माणसं बारीक धरलेली नाहीत.
आतल्या जाळीच्या खिशात काहीतरी लागलं. टॉर्च, पत्त्यांचा कॅट, माझ्या पाठीचं मलम. आणि पिनांची एक नवी डबी. पाच तारखेला मी झिप मोजत असताना लेकीनं ठेवलं असणार. मी आत तोंड करून बसलो होतो, तरी दिसलं नाही.
सौ.नं पत्ते पिसले. तिघांचे वाटले आणि एक वाटा परत उचलला.
नव्या झिपची चाचणी: एकदा उघडली, एकदा लावली. पास.