घर प्रीतीचे, आणि निळी फाइलही

मी, कुमारी संध्या सुदाम वाघचौरे, वय त्रेसष्ट, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त टाइमकीपर, राहणार सदनिका क्रमांक २, तळमजला, मैत्री सहकारी गृहनिर्माण संस्था, अंबरनाथ (पूर्व), हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिते. माझे मन ठिकाणावर आहे. मनात राग आहे, तोही ठिकाणावर आहे. दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी तपासले तेव्हा रक्तदाब जास्त निघाला. मी म्हटले, "सकाळी सरकारी कचेरीत जाऊन आले." त्यांनी मान हलवली आणि सही केली. माझ्यावर आज कोणाचाही दबाव नाही. मार्च महिन्यात होता. त्याचे पहिल्याच कलमात लिहिते.

१. दिनांक १८ मार्च २०२५ रोजी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करते. त्यात मी हे राहते घर माझा पुतण्या आकाश बाळाजी वाघचौरे याला दिले होते, आणि माझ्या मुलीला त्यात "हयात असेपर्यंत राहण्याची मुभा" दिली होती. त्या कागदावर माझ्या मुलीचा उल्लेख "माझ्या आश्रयास असलेली मुलगी" असा आहे. ते शब्द वकिलांचे, पण खालची सही माझी. मृत्युपत्रात माणसाने खरे लिहावे, म्हणून लिहिते की आयुष्यात मी केलेली सर्वांत लाजिरवाणी सही ती होय.

२. प्रीती संध्या वाघचौरे, वय तेवीस, ही माझी मुलगी आणि माझी एकमेव वारस आहे. जून २००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मी तिला दत्तक घेतले. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तिला बसता येत नव्हते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय आणि उजवा हात तिचे ऐकत नाहीत, बोलायला वेळ लागतो. बुद्धी माझ्यापेक्षा बरी आहे. तिच्यासाठी पालक नेमण्याची गरज नाही. तिच्या वतीने बोलणाऱ्यांनी तिचे वाक्य पुरे होईपर्यंत गप्प बसावे, एवढे पुरे.

तिला घरी आणण्याच्या आठवड्यात, ती राहत होती त्या अनाथ मुलांच्या संस्थेतल्या समाजसेविका बाईंनी मला बाजूला घेतले.

"मॅडम, दत्तक कशाला घेता? नुसती संगोपनासाठी न्या. दरमहा मदत चालू राहील. दत्तक घेतलंत की ती तुमची झाली, शासनाचा संबंध संपला."

"म्हणजे आई होण्याचा दंड आहे म्हणा की."

"तसं नाही हो. नियम आहे."

बाई वाईट नव्हत्या, माझ्या भल्याचेच सांगत होत्या. पण हा नियम मी एकोणीस वर्षे उलटसुलट करून पाहिला आहे. ती संस्थेत राहिली असती तर तिच्यावर खर्च झाला असता. परक्याच्या घरी ठेवली असती तरी झाला असता. तिला आई मिळाली आणि तिची गरज संपली! फिजिओथेरपी, पायांचे पट्टे, दर दोन वर्षांनी अपुरी पडणारी चाकांची खुर्ची, हे सगळे आईच्या मायेने आपोआप उगवते असा ज्याने शोध लावला, त्याला भेटण्याची माझी इच्छा होती. या जन्मी जमले नाही, आणि पुढच्या जन्मावर माझा विश्वास नाही.

३. आता आकाशचे. मी २०२० साली निवृत्त झाले, पगार थांबला, आणि तीन वर्षे अर्ज केल्यावर प्रीतीला दरमहाचे अनुदान मंजूर झाले. रक्कम इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला हसू येईल. दरवर्षी पडताळणी असते. या फेब्रुवारीत तिथल्या बाईंनी सांगितले की तिच्या नावावर मालमत्ता आली तर अनुदान बंद होईल. मी हे घरी बोलले. आकाश पालेगाव आणि सोनिवलीला नव्या इमारतींतली घरे विकतो, त्यामुळे कागदांचे त्याला कळते. तो म्हणाला, "आत्या, सोपं आहे. घर माझ्या नावावर कर. प्रीती इथंच राहील. कागदावर तिच्याकडे काही नसलं की तिचं अनुदान चालू." वकिलांनाही ते पटले. मलाही पटले, हे मी लपवत नाही. मी मेल्यावर तिच्या हाती महिन्याला काहीतरी ठरलेले येत राहील, या एका भीतीपोटी मी सही केली.

मे महिन्यात आकाश मोजपट्टी घेऊन आला. दारासमोर प्रीतीच्या खुर्चीसाठी मी बांधून घेतलेला उतार आहे, तो मोजू लागला. प्रीती दारातच बसली होती. तिने विचारले, काय करतोस? तो म्हणाला, "काही नाही गं, पुढेमागे हे काढलं तर गाडी लागेल का, बघतोय." खोटे बोलला नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवते.

संध्याकाळी मला तिला सगळे सांगावे लागले. मृत्युपत्राची प्रत तिने स्वतः वाचली. मग म्हणाली, "मी... भाडेकरू?"

मी तिला नियम समजावू लागले. घर की अनुदान, दोन्हींपैकी एकच मिळते, वगैरे. एकोणीस वर्षे ज्यांच्याशी भांडले त्यांचीच भाषा माझ्या तोंडून अस्खलित येत होती. तिने ऐकून घेतले. बोलायला त्रास होतो म्हणून ती शब्द जपून वापरते. तिने एकच वापरला.

"दोन्ही."

"अगं, दोन्ही देत नाहीत."

"मागितलं... कोणी?"

कोणीच मागितले नव्हते, मीसुद्धा. मी हातचे जाऊ नये म्हणून पोरीला कागदावर परत अनाथ करून मोकळी झाले होते.

४. म्हणून: माझे वर वर्णन केलेले घर, त्यातील सामान, दारासमोरील उतार, माझी बचत आणि मुदत ठेवी, हे सर्व, पुढील कलमांत इतरांना दिलेले वगळून, माझी मुलगी प्रीती हिला पूर्ण मालकी हक्काने देते. उतार घराचा भाग आहे. त्याची कोणी एक वीटही हलवली तर सोसायटीने पोलिसांत जावे.

५. आकाशला माझ्या कपाटातील पोलादी मोजपट्टी, माझ्या वडिलांची, पंधरा फुटी. त्याची स्वतःची उताराच्या निम्म्यातच संपली होती.

६. त्याचे वडील, माझे बंधू बाळाजी, यांनी प्रीतीच्या नामकरणाला विहारात पाहुण्यांसमोर म्हटले होते, "लग्न केलं नाहीस ते केलं नाहीस, आता ही पांगळी कुठून उचलून आणलीस? देऊन टाक परत." त्यांचा तो सल्ला मी न वापरलेल्या स्थितीत त्यांना परत करते.

७. निवृत्तीच्या वेळी कंपनीने मला भिंतीवरचे घड्याळ दिले. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षे टाइम ऑफिस सांभाळले. दोन मिनिटे उशीर झाला की लाल शेरा, दहा मिनिटे झाला की अर्धा दिवस कापायचा. बारवीकडच्या पाड्यावरून ठमी नावाची बाई झाडलोटीला यायची, पावसाळ्यात हमखास उशिरा. मी म्हणायची, "नियम म्हणजे नियम, ठमीबाई."

एकदा ती उलटून म्हणाली, "बाय, तुमचा घड्याल भिताडाव हाय. माज्या वाटंत ओढा हाय. त्याला नियम कोन सांगल?"

मला तेव्हा राग आला होता. मी तिचा अर्धा दिवस कापला. पुढे एका सरकारी खिडकीपलीकडून एक तरुण मुलगी मला म्हणाली, "नियम म्हणजे नियम, मॅडम," आणि मला ठमी आठवली. तिची मुलगी रोहिणी गेली अकरा वर्षे आमच्या घरी येते, प्रीतीला उठवते, बसवते, हसवते. ती उशिरा आली तर मी आता घड्याळाकडे पाहत नाही. पण त्याने ठमीचे अर्धे दिवस भरून येत नाहीत. माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या मी ठमीला देते. घड्याळही देणार होते. तिला विचारले तर म्हणाली, "त्याचा मी काय करू? कोंबड्यास बांधू?" घड्याळ भंगारात द्यावे. रोहिणीला माझे शिवणयंत्र आणि एक मुदत ठेव, जिच्या पावतीवर तिचे नाव आधीच आहे.

८. वेताची खुर्ची. कचेरीचे नाव लिहीत नाही, उगाच त्यांना वाटेल की आभार मानते आहे. दिव्यांगांची पडताळणी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या वर्षी मी वर जाऊन सांगितले, "मुलगी खाली रिक्षात आहे. दोन मिनिटं खाली या."

"मॅडम, मी टेबल सोडू शकत नाही."

"ती जिना चढू शकत नाही, तुम्ही टेबल सोडू शकत नाही. मग प्रमाणपत्र नक्की कोणाला द्यायचं ते ठरवा."

रांगेतले लोक हसले. टेबलामागची मुलगी हसली नाही, उठलीही नाही. शेवटी रिक्षावाले चंदू घरी जाऊन ही खुर्ची घेऊन आले, आणि त्यांनी व रोहिणीने प्रीतीला तीत बसवून चाळीस पायऱ्या वर नेले. वर पोचल्यावर जेवणाची सुट्टी झाली होती. तेव्हापासून खुर्ची दरवर्षी रिक्षात असते. ही खुर्ची मी त्या कचेरीला देते, एका अटीवर: ती तळमजल्यावर ठेवावी आणि पडताळणीच्या दिवशी तीत कचेरीच्या माणसाने बसावे. अट मान्य नसेल तर खुर्ची प्रीतीकडे राहील आणि चाळीस पायऱ्यांचा फोटो निळ्या फाइलीत (कलम १०) लागेल.

९. माझे वडील सुदाम फिटर होते. उल्हासनगरच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यांनी मला घातले तेव्हा पुरी फी भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. माझी अर्धी फी माफ होती, हे मला दहावीनंतर कळले. दरवर्षी ते पत्र बंद पाकिटात वडिलांच्या नावे यायचे. सिस्टरनी त्यांना कधी बोलावून उभे केले नाही, गरिबी सिद्ध करायला लावली नाही, वर्गात माझे नाव वाचले नाही. मदत अशीही देता येते. मी पाहिलेली आहे. म्हणून माझा राग कमी होत नाही. त्या पाकिटांपैकी एक माझ्याकडे आहे, ते प्रीतीने निळ्या फाइलीत सर्वांत वर लावावे.

१०. निळी फाइल. २००६ पासूनचे सगळे अर्ज, पोचपावत्या, नकार आणि "वरिष्ठांकडे पाठवले आहे" अशी सत्तावीस पत्रे हिच्यात आहेत. ही मी प्रीतीला घराइतकीच मौल्यवान वस्तू म्हणून देते. तिने मालमत्ता लपवू नये. घराचा कागद स्वतः दाखवावा आणि सोबत लेखी विचारावे की डोक्यावर छप्पर आल्याने तिचे पाय कसे चालू लागले. उत्तर लेखी घ्यावे, आणि नकार आला तर अपील करावे. दत्तक घेतलेल्या अशा मुलांच्या आणखी चार घरांचे पत्ते फाइलीच्या मागच्या कप्प्यात आहेत. त्यांनाही बोलवावे. एकटीने भांडण्याची चूक मी केली.

हे कलम वाचून माझी शेजारीण द्रौपदी म्हणाली, "संध्या, तू वसीयत लिख रही है या एफआयआर?" दोन्ही.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रीतीने स्वतः करावी. मदतीला रोहिणीने असावे. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. बाळाजीने भाषण करू नये.

प्रीती, शेवटचे तुला. मी गेल्यावर पहिला अर्ज तू भरशील तेव्हा त्यात "आईचे नाव" असा रकाना असेल. रकाना लहान असतो. पुढे "मयत" लिहावे लागेल, ते लिही. पण आधी नाव पूर्ण लिही, तुझ्या डाव्या हाताने, हवा तितका वेळ घेऊन. रेघेबाहेर गेले तरी जाऊ दे. मागची रांग थांबेल.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, प्रीतीला आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यातला एकही शब्द कमी करण्यास नकार देऊन खाली सही केली.

सही: संध्या सुदाम वाघचौरे

आमच्या दोघांच्या समक्ष संध्याताईंनी सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि कोणाचे ऐकत नव्हत्या. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: द्रौपदी रामचंदानी, सदनिका क्रमांक ३, मैत्री सोसायटी, अंबरनाथ (पूर्व)

साक्षीदार २: चंदू धोंडिबा भोपी, रिक्षाचालक, राहणार पालेगाव

स्थळ: अंबरनाथ
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५