गंजावरची तर्री

माय,

तुझ्या वांग्याच्या भाजीवर तेलाची बोटभर तर्री असायची, आणि पाहुण्याच्या वाटीत ती कमी पडली तर तुझा जीव खालीवर व्हायचा. आपल्याकडे नुसता रस्सा वाढणारी बाई कंजूस ठरते, हे मला कळत्या वयापासून माहीत होतं. म्हणून आपल्या वलगावला मी जे केलं ते नकळत झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

आरोग्य खात्यात मी नुकतीच लागले होते. हृदयविकार टाळायचा तर काय खावं, हे गावोगाव सांगत फिरायचं काम. आपल्या गावाची पाळी आली तेव्हा तू घरोघर जाऊन बायका गोळा केल्यास, माझी पोरगी सांगणार आहे म्हणून. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या भरल्या. माझ्याबरोबर आलेल्या खात्याच्या लोकांना जेवायला म्हणून तू भाकरी आणि भाजीने भरलेलं पातेलं, आपला तो मोठा गंज, डोक्यावर घेऊन आलीस आणि पहिल्या रांगेत बसलीस. मी तक्ते दाखवत होते आणि बायका जांभया देत होत्या. मला काय सुचलं कोण जाणे. सुचलं कसलं, मला टाळ्या हव्या होत्या. मी तुझ्या गंजावरचं झाकण काढलं, डावाने तर्री काचेच्या पेल्यात काढली, पेला उंच धरला आणि विचारलं, हे कोणाच्या घरचं? सगळ्या हसल्या. तूही तोंडाला पदर लावून हसलीस. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, "हेच खाऊन आमच्या घरचा मानूस गेला."

बाबांना हृदयविकाराने जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सगळ्या बायका तुझ्याकडे पाहू लागल्या. तू उठून गंजावर झाकण ठेवलंस आणि पुन्हा जागेवर येऊन बसलीस, मान खाली घालून. नंतर मी तेल, मीठ, जवसाची चटणी सगळं रंगवून सांगितलं. छातीत, पाठीत, जबड्यात दुखलं तर घरी बसू नका, लगेच दवाखान्यात जा, हे शेवटी सांगायचं असतं. ते मी दोन वाक्यांत उरकलं, कारण गाडी निघायची होती. गाडीत साहेब म्हणाले, आजचा कार्यक्रम एकदम छान झाला. मला बरं वाटलं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

 त्यानंतर मी घरी आले की भाजीत तेल चमच्याने मोजून घातलेलं दिसायचं. जावई आला तरी तेच. तो बिचारा मुकाट्याने खायचा आणि मी मनात म्हणायचे, चला, निदान आपली आई तरी सुधारली. तुझ्या ताटाकडे मी पाहायचे, तुझ्याकडे नाही.

तू गेल्यावर तेराव्याला शेजारच्या काकूने सांगितलं. चार दिवस तुझी पाठ भरून येत होती, अंगण झाडतानाही दम लागत होता. ती म्हणाली पोरीला फोन लावू, तर तू तिचा हात धरलास. "नको लावू. मी तेल खाल्लं म्हनन थे. नाई खाल्लं तरी म्हनन." मी तुलाच दोष देणार, हे तू धरून चालली होतीस.

तुला जाऊन आता बारा वर्षं होतील. मी अकोल्याला आहे, आणि अजून हेच काम करते. चांगलं करते, असं लोक म्हणतात. पेला मात्र पुन्हा कधी उचलला नाही. दुखण्याच्या खुणा आता मी आधी सांगते, आणि त्या सांगताना एका बाईची गोष्ट सांगते. तिला किती समजावलं, तिनं ऐकलं नाही, दुखणं अंगावर काढलं आणि गेली. बायका हळहळतात. मागच्या महिन्यात पातूरला एका म्हातारीने विचारलं, "बाई, कोन होती थे?" मी म्हणाले, होती एक ओळखीची.

तू सगळं ऐकलं होतंस, माय, चमचा न् चमचा मोजून. माझ्या धाकाने दुखणं लपवलंस. हे मी कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. मंगळवारी पुन्हा सभा आहे, आणि खरं सांगते, तिथेही मी हेच सांगणार की त्या बाईनं ऐकलं नाही.