नेच्याच्या पानाचा दगड

सालेकसा, ५ जानेवारी २०२४

चि. रेणूस उदारामकाकाचा सेवा जोहार. वि. वि. तुझ्या हॉस्टेलच्या पत्त्यावर डबा पाठवला आहे. आत लाडू नाहीत, दगड आहे. पोरींना आधीच सांगून ठेव. फोनवर आकडे हवेत जातात, म्हणून कागदावर लिहून राहिलो.

डिसेंबरात शाळेमागे बोअरची गाडी लावायला जागा सपाट करताना खडक फुटला आणि नेच्याचं पान निघालं. लांबी अकरा सेंटिमीटर, फांद्या सतरा. पुस्तकातल्या चित्राशी ताडलं, तंतोतंत जमलं. चित्राखाली तीस कोटी वर्षं लिहिलं आहे, म्हणजे याचंही वय तेवढंच. बावीस वर्षं बोअरच्या गाडीवर काढली, दर दहा फुटांचा चुरा बाटलीत भरून ठेवला. खालचा थर जुना, वरचा नवा, एवढं दहावी नापासालाही कळतं.

सव्वीस जानेवारीला इंद्रकुमार गुरुजी तो दगड शाळेत मांडणार आहेत. फलक रंगवून झाला : नेच्याचा जीवाश्म, वय तीस कोटी वर्षे, शोधक उदाराम उईके. मोठा तुकडा माझ्याकडे आहे. तुला त्याचा कोपरा आणि पानाचं पेन्सिलीने काढलेलं चित्र धाडलं. तुला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमच्या सहीची चिठ्ठी पाठव. दुर्पताकाकू म्हणते, नवऱ्याचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठंतरी लागून राहिलं, हेच खूप झालं.

माया आहे ती तशीच राहू दे.

उदारामकाका

नागपूर, ११ जानेवारी

ती. काकांस रेणूचा सेवा जोहार. वि. वि. डबा मिळाला. लाडू नसल्याचं दुःख मैत्रिणींना माझ्याहून जास्त झालं.

काका, सरळच लिहिते. ते पान नाही. दगडाच्या फटीत मँगनीजचं पाणी झिरपलं आणि काळा अंश फांद्या फुटल्यासारखा पसरत गेला. भले भले फसतात. तुमचा दगड तर चिखल-वाळू साचून झालेल्या थराचाही नाही. तो थिजलेला लाव्हा आहे.

अशा दगडाचं वय त्याच्यातल्या झिरकॉनच्या बारीक दाण्यांवरून काढतात. दाणा तयार होताना त्यात थोडं युरेनियम अडकतं आणि ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत राहतं. किती उरलं, किती बदललं, हे मोजलं की वर्षं निघतात. जीवाश्म बहुधा थेट मोजता येत नाही. त्याच्या वर आणि खाली लाव्हा किंवा राख असेल तर ती मोजायची. जीवाश्म त्या दोन वयांच्या मधला. तुमच्याकडच्या या लाव्ह्याचं वय दोनशे कोटी वर्षांहून जास्त आहे. जमिनीवर झाडं येऊन पन्नास कोटीही झाली नाहीत.

मॅडमनी सही केली नाही. फलक बदलायला पंधरा दिवस आहेत. रागवा, पण पत्र लिहा.

तुमची रेणू

सालेकसा, १६ जानेवारी

चि. रेणूस जोहार. पत्र तीनदा वाचलं. कोपरा पाहून पूर्ण दगडाचा निकाल लावायले तुझ्या मॅडम काही बोअरच्या गाडीवर बसल्या नाहीत. गावात सगळ्यांना सांगून झालं आहे. मी पान म्हणालो ते फांद्या मोजून म्हणालो. ते पान नाही, हे माझ्या डोळ्यांना दिसेल असं काही असेल तर लिही. नसेल तर काकूची तब्येत बरी आहे.

उदारामकाका

नागपूर, १९ जानेवारी

ती. काकांस सेवा जोहार. डोळ्यांना दिसेल असं एकच आहे. चिखलात पडलेली पानं आडवी निजतात, सगळी एकाच पातळीत. मँगनीजचं पाणी मात्र फट जाईल तिकडे जातं. मोठा तुकडा फोडला तर कळेल. पण फोडला की तसा दुसरा नाही, म्हणून फोडा असं मी म्हणत नाही. रागातही आठवण काढत जा.

रेणू

सालेकसा, २७ जानेवारी

चि. रेणूस उदारामकाकाचा सेवा जोहार. वि. वि. बावीस तारखेला अंगणात दगड फोडला. सात तुकडे झाले. काकू म्हणाली, आपलंच नाव काऊन फोडून राहिले. आत दुसरी फट निघाली, पहिलीला बरोबर काटकोनात. तिच्यावरही तसंच पान, फांद्या नऊ. एक पान चिखलात निजेल. दुसरं उभं कोण धरून बसणार?

तसाच गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, राहू द्या फलक, गावात कोणाले कळून राहिलं. मी म्हणालो, मले कळलं ना.

फलक पुसून घेतला. आता त्यावर आहे : थिजलेला लाव्हा, वय दोनशे कोटी वर्षांहून जास्त, काळी नक्षी मँगनीजची. दोन्ही फटी दिसतील असे सातही तुकडे मांडले. पेंटरने विचारलं, शोधक कोण लिहू? हा खडक शाळेच्या पायाखाली आहे, माझ्या ओट्यालाही तोच लागला आहे. शोधला कोणी म्हणायचं? ती ओळ नको म्हणालो.

कार्यक्रमात युरेनियम-शिशाचं मीच समजावलं, अकरा मिनिटं, चिठ्ठी न पाहता. मग सातवीतल्या खुशबूने विचारलं की हे पान नाही, हे ओळखलं कोणी. गुरुजी माझ्याकडे पाहू लागले. मी तुझं नाव सांगितलं. दगड मात्र मी फोडला, तेही सांगितलं.

येशील तेव्हा तुकडे पाहून जा, आणि लोभात कमी करू नको.

उदारामकाका