दहा बाय चार फुटांचा वाफा

मी, जोतीराम भागवत चंदनशिवे, वय ७१ वर्षे, पाटबंधारे खात्यातून अनुरेखक म्हणून निवृत्त, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. उजव्या डोळ्याने कमी दिसते म्हणून अक्षर मोठे काढले आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केले नव्हते. घर दोन्ही मुलांचे होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ते तसेच राहू द्यावे की नाही, याचा विचार मी गेले पाच महिने करत होतो. जे ठरले ते खाली लिहितो.

१. माझी पत्नी केसरबाई ११ जानेवारी २०२३ रोजी वारली. मुलगा यशपाल आणि सून पूनम माझ्याजवळ राहतात. मुलगी बुद्धप्रिया पुण्यात असते. दुसरा वारस नाही.

२. घर माझ्या कमाईचे आहे. फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला, पायरीपर्यंत, दहा फूट लांब, चार फूट रुंद असा फुलांचा वाफा होता. दिवसभर ऊन. घर बांधले तेव्हा मी तिथे जास्वंद आणि कण्हेर धरून आखणी केली होती. केसरने कागद बघितला आणि म्हणाली, "उंच काय बी नगं. उंच झाड म्हंजी भिंतच की. मी पायरीवर बसले का फाटकापर्यंत समदं दिसलं पायजे."

मग चार वर्षे आमची निवड चालली. झेंडू कमरेला लागला, तिने उपटला. पिटुनिया रोपवाटिकेत फार छान दिसला आणि मार्चच्या उन्हात आठ दिवसांत वाळला. शेवटी पुढे चिनी गुलाब, ज्याला आमच्या गल्लीत ऑफिस टाइम म्हणतात, मध्ये जांभळी व्हर्बिना आणि मागे वीतभर वाढणारी सदाफुली, असे ठरले. नळाला चार दिवसांनी पाणी आले तरी ही तीन टिकत. गुलाबीला नारिंगी चिकटून नको, मध्ये पांढरा हवा, असा तिचा आग्रह. मी आखायचो, ती खोडायची. कचेरीत माझ्या नकाशावर साहेबांनी पेन्सिल लावलेली मला चालत नसे, तिची चालायची.

३. आम्ही बौद्ध आहोत. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिची रक्षा नदीत सोडली नाही, याच वाफ्यात मिसळली. तिची तशी इच्छा होती. खुरप्याने खड्डे यशपालने केले. वरून चिनी गुलाबाच्या फांद्या बुद्धप्रियाने खोचल्या. म्हणजे माहीत नव्हते असे म्हणायला कोणालाच जागा नाही.

४. या वर्षी फेब्रुवारीत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी बुद्धप्रियाकडे गेलो. डॉक्टरांनी पंधरा दिवस थांबा म्हटले होते. तिने पंचवीस दिवस ठेवून घेतले. रोज भाकरी, रोज गरम पाणी. मला ती माया वाटली.

परत आलो तेव्हा डोळ्याला सूज होती. रंग दिसत, कडा दिसत नसत. वाकायचे नाही, मातीत हात घालायचा नाही, असे सांगितले होते. यशपाल म्हणाला, "दादा, लांबूनच पाणी घाला, बाकी आम्ही बघतो की." मी पायरीवर उभा राहून रोज सकाळी झारीने पाणी घालत होतो. वाफा जरा लहान वाटला, तो मी डोळ्याचा दोष समजलो. बुद्धप्रिया फोनवर म्हणायची, "दादा, फुलं किती छान आलीत." असे अकरा दिवस.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सहाला चहा घेऊन पायरीवर बसलो. चिनी गुलाब दुपारी तीनलाच मिटतो. समोर सगळी फुले उघडी होती. मी खाली वाकलो आणि हात लावला. प्लॅस्टिक होते. खाली हिरवी गालिच्यासारखी पट्टी, तिच्याखाली काँक्रीट. गाडी आत घेता यावी म्हणून वाफा दीड फूट खोल उकरून नेला होता, आणि पायरीलगतच्या कडेला ही फुले चिकटवली होती.

यशपाल म्हणाला, "गाडी उन्हात उभी राहती, दादा. रंग जातो. चार फुलांसाठी एवढं काय?"

मी म्हटले, "त्यात तुझी आई होती."

"माती ती. आईचा फोटो हाय की घरात."

बुद्धप्रिया फोनवर रडली. म्हणाली, "तुमच्या डोळ्याला ताण नको म्हणून नाही सांगितलं." मी विचारले, जास्तीचे दहा दिवस कशासाठी होते? काँक्रीट वाळायला का? ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

५. माती नेणारा ट्रॅक्टरवाला मायाप्पा मी शोधून काढला. तो म्हणाला, "काका, मला काय म्हाईत वो? भराव म्हणून टाकली. म्हाईत असतं तर हात लावला नसता." त्याने मला ट्रॅक्टरवर बसवून तिथे नेले आणि ट्रॉली कुठे रिकामी केली ते दाखवले. भरावावर रोलर फिरला होता. "एक पोतं भरून देऊ का?" असे त्याने विचारले. मी नको म्हटले. त्यातली कोणती माती तिची, हे मला कसे कळणार? या सगळ्या प्रकरणात माझ्याशी खरे बोललेला माणूस हा एकच.

६. आता वाटणी. राहते घर यशपाल आणि बुद्धप्रिया यांना निम्मे निम्मे. रागाच्या भरात ते दुसऱ्याला देण्याचा मसुदा मी केला होता, तो फाडला. घर केसरनेही बांधले आहे, विटांवर पाणी तिने मारले आहे. तिने मुलांना बाहेर काढले नसते.

७. मात्र वर सांगितलेली दहा बाय चार फुटांची जागा घरातून वगळून पूनमला देतो. मोजमापाचा नकाशा सोबत जोडला आहे. खोदाईच्या आदल्या दिवशी तिने मूठभर फांद्या खुडून मोरीजवळ दह्याच्या डब्यात लावल्या होत्या, हे मला नंतर समजले. ती अकरा दिवस गप्प बसली हेही मी विसरलेलो नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "तुम्ही पाणी घालताना मला बघवत नव्हतं, म्हणून मी आत जायचे." काँक्रीट माझ्या ठेवीतून फोडून घ्यावे. तिथे काय लावायचे ते तिने ठरवावे. त्या जागेवरून गाडी न्यायची तर यशपालने आपल्या बायकोची परवानगी घ्यावी.

८. खुरपे, झारी आणि केसरचे शिलाई मशीन पूनमला. माझी आखणीची पेटी बुद्धप्रियाला; लहानपणी ती मागायची, मी देत नसे. प्लॅस्टिकची फुले माळ्यावर पोत्यात आहेत, ती यशपालला. धुऊन ठेवली आहेत. त्यांना पाणी लागत नाही.

९. कचेरीतील माझे सहकारी महेश्वर बिराजदार यांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. ठेवीतून काँक्रीटचा खर्च जाऊन जे उरेल ते दोन्ही मुलांना सारखे.

१०. माझी रक्षा घरी आणू नये. होटगी रस्त्याच्या आत एक पत्र्याचे गोदाम आहे. त्याच्या मागच्या मैदानात, पूर्वेच्या कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून बारा फूट आत, ती मिसळावी. मालकांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही. यशपाल आणि बुद्धप्रिया, दोघांनीही यावे. दोघांनाही ही जागा माहीत नाही. पाच महिन्यांत त्यांच्यापैकी एकानेही मला विचारले नाही, की आईची माती कुठे टाकली. म्हणून इथे लिहून ठेवावे लागले.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सही: जोतीराम भागवत चंदनशिवे

साक्षीदार:
१. नवनाथ दगडू तळभंडारे, सोलापूर
२. हेमावती शिवानंद कुंभार, सोलापूर

स्थळ: सोलापूर
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५