सौदामिनी हे नाव राजश्रीस

मी, सौदामिनी श्रीपाद देगलूरकर, वय त्रेसष्ट, राहणार लातूर, पूर्वी ऑर्केस्ट्रात गायिका, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकात नसताना, माझ्या मागे काय व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. लातूरचे घर वडिलांनी माझ्या नावे केलेले आहे. पती श्रीपाद यांचा त्यावर हक्क नाही. ते घर, खालच्या हॉलमधील कोचिंग क्लासच्या भाड्यासह, आमचे क्लॅरिनेटवादक नागप्पा मिटकरी यांना द्यावे. कारण पुढे येते.

२. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मदतनिधीचे कार्यक्रम जोरात होते. ऑर्केस्ट्रा श्रीपाद यांचा. निलंग्याच्या डॉक्टरांनी माझ्या घशात गाठी पाहून मौन सांगितले. श्रीपाद यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाले, "एवढा हंगाम गाऊन घे. लोक तुझ्यासाठीच येऊन राहिलेत."

नागप्पा म्हणाले, "मालक, बाईचा गळा जाईल. न्हाई म्हना."

बिलोलीला अंतऱ्यातच आवाज फुटला, तो परत आला नाही. श्रीपाद यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही; ट्रंपेटवाल्यांना जोरात वाजवण्याची खूण केली. पुढच्या कार्यक्रमाला माझी धाकटी बहीण राजश्री माझी साडी नेसून उभी राहिली, आणि श्रीपाद माइकवर म्हणाले, "आपली लाडकी सौदामिनी." नागप्पांनी तिथेच क्लॅरिनेट पेटीत ठेवली आणि ते मंचावरून उतरून गेले. पुढे कित्येक वर्षे सौदामिनी गात राहिली, आणि मी त्या दोघांचा स्वयंपाक करत राहिले.

३. राजश्रीस माझे नाव देते. वापरलेले आहे, पण तिला चालते. आणखी काही नाही.

४. डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, राजश्री निघून गेली. श्रीपाद अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा मीच त्यांना सांभाळले. त्यांना मरेपर्यंत मागच्या खोलीत राहू द्यावे. जेवण, औषध वेळेवर द्यावे. पाठीला जखमा होऊ देऊ नयेत. त्यांनी पुष्कळ जगावे अशी माझी इच्छा आहे.

५. ते रोज म्हणतात, "सौदा, तुझी जुनी कॅसेट लाव ना एकदा." मी उद्या म्हणते. माझ्या गाण्याच्या सगळ्या कॅसेटींवर मी क्लासच्या सरांकडून भौतिकशास्त्राचे तास भरून घेतले आहेत. माझा आवाज आता कुठेही शिल्लक नाही. मी गेल्यावर त्यांनी गाणे मागितले, तर नागप्पांनी कॅसेट लावावी आणि ती संपेपर्यंत बंद करू नये.

हे दोनदा वाचून पाहिले. रागाच्या भरात लिहिलेला शब्द सापडला नाही.

सही: सौ. सौदामिनी श्रीपाद देगलूरकर

बाईंनी आमच्या देखत सही केली:
१. चन्नबसप्पा महालिंगप्पा निला
२. तनुजा किशनराव जाधव

लातूर, १४ जून २००७