कवींसाठी ठेवलेला चहा

तीर्थरूप वन्सं यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? दुखत असेल तर कळवालच, बरा झाला असेल तरीही कळवा. मी ठीक आहे.

कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात दर महिन्याला कविता वाचतात आणि मी ऐकायला जाते, हे जाऊबाईंकडून तुमच्या कानावर आलंच असेल (“या वयात” हे त्यांनी वर जोडलं असेल). हे गेल्यापासून घरात संध्याकाळी कुणाचा आवाज नसतो. तिथे निदान कुणीतरी बोलत असतं; सगळं कळलंच पाहिजे असं थोडंच आहे? मी मागे, स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून बसते. तर परवा घसा धरला होता म्हणून टेबलावरचा चहा घेतला. मध्यंतराआधीचा चहा फक्त वाचणाऱ्या कवींचा, ही तिथली रीत मला कुणी सांगितली नव्हती. दुकानवाल्या बाईंनी माझ्या हातात कप पाहिला आणि कौतुकाने दंडाला धरून मला थेट माइकपुढे उभं केलं, कपासकट.

कविता मी कुठून आणणार? डोकं पार रिकामं झालं. हे रोज अंथरुणावर पडल्या पडल्या जे विचारायचे, तेवढंच तोंडून निघालं. गॅस बंद केलास का. कडी लावलीस का. माझा चष्मा कुठे ठेवलास. नीट जेवलीस ना. संपलं म्हणून मी चहाचा घोट घेतला. मग दातांचे डॉक्टर (ते दर महिन्याला समुद्रावरच्याच कविता वाचतात, समुद्र काही आटत नाही) डोळे पुसत म्हणाले, “पुन्हा एकदा.” मी पुन्हा म्हटलं. त्यांनी विचारलं, “मुक्तछंद का?” मी म्हटलं, “नाही, नवरा.”

भावजींना नमस्कार सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. पुढच्या महिन्यासाठी दुकानाबाहेरच्या फळ्यावर माझं नाव लिहिलंय. असली थेरं मला जमायची नाहीत, मी जाणार नाही.

पुन्हा ता. क. जाणार आहे. पण वन्सं, ह्यांचं बोलणं माझ्याजवळ फारसं उरलं नाही, तीच तीच वाक्यं आठवतात. लग्नाआधीचे हे तुमच्याकडे आहेत. लहानपणी काय बोलायचे, तुमच्याशी भांडताना काय म्हणायचे, ते जसंच्या तसं लिहून पाठवा. तुम्ही शाळेत शिकवायचात म्हणून मुद्दाम सांगते, सुधारू नका. शिव्या असतील तर त्याही येऊ द्यात. त्या दुकानात नाही वाचणार, घरी वाचीन.